गोष्ट विकायची तर दारं किती?

सोलापूर–पुणे महामार्गावरचं मोहोळ हे तालुक्याचं गाव. नागनाथाचं देवस्थान, मुंबई–चेन्नई लोहमार्गावरचं स्टेशन, शिवारात ऊस आणि ज्वारी. ज्या रब्बी ज्वारीला सगळा महाराष्ट्र मालदांडी म्हणून ओळखतो, तिचा ‘मालदांडी ३५-१’ हा नावाजलेला वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडला गेला. मनोरंजनाच्या धंद्याशी मात्र या गावाचा संबंध गिऱ्हाइकापुरताच. स्टुडिओ मुंबईत, वाहिन्यांची कार्यालयं मुंबईत, सौदे मुंबईत नाहीतर थेट अमेरिकेत. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत या धंद्यात जे मोठे सौदे झाले, त्यांचा माग मोहोळमधल्या कुठल्याही साध्या घरापर्यंत काढता येतो. फार खटपट लागत नाही. त्या घरचं केबलचं बिल वाचता आलं म्हणजे झालं.

१० रुपयांतले ९० पैसे

केबलचं बिल तसं कुणी वाचत नाही. महिन्याच्या महिन्याला केबलवाल्याचा पोऱ्या येतो, किंवा हल्ली फोनवरूनच रिचार्ज होतो. बॉक्स बंद पडला की मगच बोलाचाली. पण १ फेब्रुवारी २०१९ पासून, म्हणजे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत लागू झाल्यापासून, या बिलाचे दोन भाग पडले आहेत. पहिला भाग नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे तारेचं भाडं. त्यावर सुरुवातीला १३० रुपयांची मर्यादा होती. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही मर्यादाच उठवली. दुसरा भाग पे चॅनेलच्या किमतीचा. चॅनेल सुटं घ्या किंवा पॅकमध्ये घ्या.

हे पैसे तिघांत वाटले जातात. पहिला, चॅनेल चालवणारी कंपनी, म्हणजे ब्रॉडकास्टर. दुसरा एमएसओ, तो उपग्रहावरून सगळी चॅनेल उतरवून घेतो आणि एका ठिकाणाहून गावोगाव पाठवतो. तिसरा आपला केबलवाला. एमएसओ आणि केबलवाला यांचं आपसात काही वेगळं ठरलं नसेल, तर तारेचं भाडं ५५ आणि ४५ असं वाटायचं, असा ट्रायचा दंडक. चॅनेलच्या किमतीतून ब्रॉडकास्टरनं किमान २० टक्के वितरणापोटी सोडायचे आणि तेही त्याच प्रमाणात वाटायचे. आता १० रुपयांचं एक चॅनेल धरा. ८ रुपये कंपनीचे. १ रुपया १० पैसे एमएसओचे. वळवाच्या वाऱ्यात तुटलेली वायर जोडायला जो शिडी लावून खांबावर चढतो, त्याच्या हातात ९० पैसे.

या वाटणीत दोष नसेलही. मालिका बनवायला पैसा लागतो. पण ही वाटणी लागू व्हायच्या जेमतेम चार महिने आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिलायन्सनं डेन आणि हॅथवे या देशातल्या दोन मोठ्या एमएसओ कंपन्यांचा ताबा घेण्याचे सौदे जाहीर केले. डेनमधल्या हिश्श्यासाठी सुमारे २,२९० कोटी आणि हॅथवेसाठी सुमारे २,९४० कोटी रुपये. वाहिन्यांचा नेटवर्क१८ समूह २०१४ पासूनच रिलायन्सच्या हातात होता आणि जिओचा मोबाइल २०१६ मध्ये आला होता. वाहिनी एका घराण्याची, ती वाहून आणणारी तारही त्याच घराण्याची आणि तार नको म्हणून मोबाइल उघडला तर त्याचा टॉवरही त्याच घराण्याचा, असं चित्र तयार झालं.

एकाच पायरीवरचे दोन प्रतिस्पर्धी एकत्र येतात ते आडवं विलीनीकरण. वरच्या पायरीवरचा खालच्या पायरीला विकत घेतो ते उभं. आडव्यानं स्पर्धक कमी होतो. उभ्यानं दुसऱ्या स्पर्धकांची वाट आपल्या अंगणातून जाऊ लागते. मनोरंजनाच्या धंद्यात आज ही दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, म्हणून हा विषय किचकट वाटतो.

बटण तेच, मालक नवा

मराठीतल्या खासगी मनोरंजन वाहिन्यांची वंशावळ मांडली, की कोण कुणाचा हे कळायला सोपं जातं.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली. २००५ मध्ये तिचं नाव झी मराठी झालं. अल्फा आल्याच्या पुढच्याच वर्षी, ९ जुलै २००० ला, हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहानं ई टीव्ही मराठी काढली. २४ नोव्हेंबर २००८ ला स्टार प्रवाह आली, तेव्हा स्टारचे मालक होते रुपर्ट मरडॉक. सोनी मराठी २०१८ ची, सन मराठी २०२१ ची. सरकारी सह्याद्री या सगळ्यांच्या आधीची. तिचं मूळ १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्रात.

आता ई टीव्ही मराठीचं काय झालं ते पाहा. रामोजी रावांच्या प्रादेशिक वाहिन्या नेटवर्क१८ समूहातल्या टीव्ही१८ कडे जाणार, असं २०१२ च्या जानेवारीत जाहीर झालं आणि २०१४ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. त्याच वर्षी नेटवर्क१८ चा ताबा रिलायन्सकडे आला. २०१५ च्या मार्चमध्ये वाहिनीचं नाव कलर्स मराठी झालं. स्टार प्रवाहची कथा आणखी लांबची. डिस्नेनं मरडॉक यांची ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्स ही कंपनी ७१ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली आणि २० मार्च २०१९ ला तो सौदा पुरा झाला, तेव्हा त्या गाठोड्यात स्टार इंडियाही डिस्नेकडे गेली. डिस्नेचा डोळा होता हॉलिवूडमधल्या स्टुडिओवर. मोहोळमध्ये सासू-सुनेची जी मालिका चालू होती, ती त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या मालकीची झाली. मालिका पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागला नाही. लागायचं कारणच नव्हतं: रिमोटवरचं बटण तेच होतं.

विलीनीकरणाची बातमी आपल्याला परकी वाटते ती यामुळेच. गिऱ्हाइकाच्या बाजूनं पहिल्या दिवशी काहीच हलत नाही. जे हलतं ते दुसऱ्या बाजूला, माल विकणाऱ्याच्या बाजूला. या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच, पण ते सांगायला आधी क्रिकेटकडून जावं लागतं.

दोन भाऊबंद आणि एक लिलाव

जून २०२२ मध्ये बीसीसीआयनं आयपीएलच्या पुढच्या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क लिलावाला काढले. त्याआधीची पाच वर्षं स्टारनं टीव्ही आणि डिजिटल मिळून १६,३४७.५ कोटींना घेतली होती. या वेळी बोर्डानं हक्कांचे तुकडे केले. टीव्हीचा तुकडा स्टारनं २३,५७५ कोटींना घेतला. भारतातल्या डिजिटलचे दोन तुकडे रिलायन्सच्या व्हायाकॉम१८ नं २३,७५८ कोटींना घेतले. परदेशातले हक्क धरून एकूण रक्कम गेली ४८,३९० कोटींवर, म्हणजे मागच्या वेळच्या जवळजवळ तिप्पट. दोन तालेवार गिऱ्हाइकं ईर्ष्येला पेटली की विकणाऱ्याचं कसं उखळ पांढरं होतं, याचा याहून ठसठशीत दाखला सापडणार नाही.

२०२३ च्या हंगामात रिलायन्सच्या जिओसिनेमा ॲपनं आयपीएल फुकट दाखवली. क्रिकेटसाठी डिस्नेच्या हॉटस्टारचे पैसे भरणारे लोक गळू लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सहा कोटींच्या वर असलेले डिस्ने प्लस हॉटस्टारचे सदस्य २०२३ च्या अखेरीस चार कोटींच्या खाली आले. डिस्नेनं हिशेब केला आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याशीच सोयरीक जुळवली. २८ फेब्रुवारी २०२४ ला करार जाहीर झाला, २८ ऑगस्टला भारतीय स्पर्धा आयोगानं अटी घालून मान्यता दिली, १४ नोव्हेंबरला सौदा पुरा झाला. नव्या कंपनीचं मूल्य धरलं गेलं ७०,३५२ कोटी रुपये. रिलायन्सनं तीत ११,५०० कोटी घातले. हिस्से असे: रिलायन्सचे थेट १६.३४ टक्के, तिच्याच ताब्यातल्या व्हायाकॉम१८ चे ४६.८२ टक्के, डिस्नेचे ३६.८४ टक्के. नीता अंबानी अध्यक्ष, उदय शंकर उपाध्यक्ष. शंभरावर वाहिन्या एका छपराखाली आल्या आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार हे एकच ॲप झालं.

म्हणजे २०२२ मध्ये जे दोघं एकमेकांवर बोली चढवत होते, ते पुढच्या लिलावात एकाच खुर्चीत बसतील. बीसीसीआयची फार काळजी करायचं कारण नाही. तिच्याकडे जो माल आहे तो दुसरीकडे कुठं मिळत नाही. पण हाच प्रसंग एखाद्या मराठी निर्मात्यावर, लेखकावर आला तर?

उसाचा काटा आणि गोष्टीचा काटा

मोहोळ तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगावं लागत नाही. टाकळी सिकंदरचा सहकारी भीमा कारखाना, अनगरचा आणि वटवट्याचा खासगी कारखाना, शिवाय शेजारच्या तालुक्यांतले. कारखाने जास्त असले की गाळपाच्या हंगामात शेतकरी थोडा तरी ताठ बोलू शकतो: इथली तोड वेळेवर येत नसेल, दर पटत नसेल, तर टोळी दुसऱ्याची. समजा, उद्या हे सगळे कारखाने एका मालकाचे झाले. किराणा दुकानातली साखर कदाचित एक रुपयानंही महागणार नाही. बाहेरून साखर येतच असते. गिऱ्हाईक म्हणेल, काय बिघडलं? बिघडलेलं असेल ते काट्यावर. ऊस घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आता दुसरा काटा उरलेला नसेल.

अर्थशास्त्रात एकच विकणारा असेल तर त्याला मक्तेदार म्हणतात, हे सर्वांना ठाऊक असतं. एकच विकत घेणारा असेल तर तीही तितकीच मोठी सत्ता असते, याची चर्चा क्वचित होते. मनोरंजन कंपन्यांची ताकद मोजताना आपण पॅकची किंमत पाहतो, ॲपची वर्गणी पाहतो आणि १४९ रुपयांत तीन महिने मिळतात म्हटल्यावर खूश होतो. पण या कंपन्या आपल्याला जेवढं विकतात, त्याच्या आधी त्या कुणाकडून तरी विकत घेतात: गोष्ट, गाणं, अभिनय, दिग्दर्शन, संकलन. त्या बाजारात त्याच गिऱ्हाईक असतात.

मराठी मालिकेचा सौदा कसा होतो ते जवळून पाहिलं तर हे नीट दिसतं. निर्माता संकल्पना घेऊन वाहिनीकडे जातो. वाहिनीला पटली तर ती एपिसोडमागे ठरावीक रक्कम देते. त्यातून सेट, कलाकार, लेखक, तंत्रज्ञ, जेवण, गाड्या, सगळं भागवून उरेल तो निर्मात्याचा नफा. बहुतेक वेळा मालिकेचे हक्क वाहिनीकडे राहतात. मालिका पुढे दुसऱ्या भाषेत गेली, ॲपवर वर्षानुवर्षं चालली, तरी तिच्यावरची पुढची कमाई निर्मात्याची नसते. टीआरपी घसरला तर मालिका काही आठवड्यांत गुंडाळली जाते. कलाकारांना कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळणं ही या धंद्यात रुळलेली रीत आहे. नव्वद दिवस थांबण्याची ऐपत ज्याला नाही, त्यानं या धंद्यात उतरायचंच नाही असा त्याचा अर्थ.

अशा सौद्यात निर्मात्याचं एकच बळ असतं. तुम्हाला नको असेल तर मी पलीकडच्या वाहिनीकडे जातो, हे तोंडानं न बोलताही त्याला बजावता आलं पाहिजे. कोल्हापूरजवळच्या वसगडेत ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि साताऱ्याकडे ‘लागिरं झालं जी’ उभी राहिली, मालिका मुंबईतल्या दिवाणखान्यातून बाहेर पडून गावात आल्या, त्याला एक कारण असंही होतं, की वाहिन्या एकमेकींपेक्षा वेगळं काही शोधत होत्या. स्पर्धा कमी झाली की जोखीम घ्यायची गरजही कमी होते. जे चाललंय तेच दाखवलं तरी प्रेक्षक जाणार कुठं?

उसाला निदान एफआरपी आहे. कारखाना कितीही मोठा असो, कायद्यानं ठरलेल्या दराखाली त्याला जाता येत नाही. गोष्टीला तसा दर नाही. त्याच्या जवळपास जाणारी एकच तरतूद आहे, ती म्हणजे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेली दुरुस्ती. चित्रपटगृहाबाहेर जिथं जिथं गाण्याचा किंवा लेखनाचा वापर होईल, तिथल्या मानधनातला गीतकाराचा, संगीतकाराचा, लेखकाचा वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही, असं या दुरुस्तीनं ठरवलं. ग्रामोफोनच्या काळापासून एकरकमी पैसे घेऊन सही करणाऱ्यांना हा मोठा आधार होता. संगीताच्या बाजूनं आयपीआरएस ही संस्था हे मानधन गोळा करून वाटते. लेखनाच्या बाजूला ही घडी अजून बसायची आहे.

आयोगानं काय मोजलं?

कंपन्या कितीही मोठ्या असल्या तरी एकत्र येण्याआधी त्यांना स्पर्धा आयोगाचा उंबरा ओलांडावा लागतो. स्पर्धा कायदा २००२ चा, पण विलीनीकरणांची तपासणी सुरू झाली १ जून २०११ पासून. आयोग आधी ‘बाजार’ कोणता ते ठरवतो. सगळ्या देशाची मिळून टीव्हीची बाजारपेठ धरली तर कोणाचाही हिस्सा लहान दिसतो. भाषा धरून मोजलं तर तोच हिस्सा डोळ्यांत भरतो.

डिस्ने–रिलायन्स सौद्यात भाषेचा हिशेब झाला. कंपन्यांनी सात वाहिन्या विकून टाकण्याची तयारी दाखवली आणि त्या यादीत कलर्स मराठी होती. स्टार प्रवाह टीआरपीत वरच्या क्रमांकावर असलेली वाहिनी. ती आणि कलर्स मराठी एकाच हातात गेल्या, तर मराठी मनोरंजनाचा फार मोठा तुकडा एका घरात जमा होतो, हे नाकारता येण्याजोगं नव्हतं. क्रिकेटच्या जाहिरातींबाबतही अट पडली: आयपीएल, आयसीसी आणि बीसीसीआयच्या सामन्यांचा जाहिरातवेळ, सध्याचे हक्क आहेत तोवर, एकमेकांना बांधून विकायचा नाही.

याच सुमारास दुसरा एक सौदा मोडला. झी आणि सोनी एकत्र येणार, असं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालं होतं. आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला मान्यता देताना तीन वाहिन्या विकायला लावल्या: बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक. तिन्ही हिंदी. झी मराठी आणि सोनी मराठी एका घरात गेल्या असत्या तरी त्या अटींत मराठीचं नाव नव्हतं. पुढे नव्या कंपनीचं नेतृत्व कुणाकडे यावर घोडं अडलं आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीनं करार संपवला.

दोन्ही सौदे काही अट न लागता पुरे झाले असते, तर काय झालं असतं याची बेरीज-वजाबाकी अवघड नाही. झी, कलर्स, स्टार, सोनी, सन या पाच खासगी दारांची तीन झाली असती. पाचाची तीन होणं आणि पाच राहणं, यातला फरक प्रेक्षकाला लगेच जाणवला नसता. ज्याच्या बॅगेत नव्या मालिकेची पानं आहेत, त्याला पहिल्याच आठवड्यात जाणवला असता.

पडद्यापर्यंतची वाट

टीव्हीचं झालं, सिनेमाची वाट आणखी अरुंद आहे. २००२ मध्ये पुण्यात पहिलं मल्टिप्लेक्स उघडून आयनॉक्सनं सुरुवात केली. दिल्लीच्या अजय बिजली यांची पीव्हीआर तिच्या आधीची. या देशातल्या सर्वांत मोठ्या दोन साखळ्यांनी २७ मार्च २०२२ ला विलीनीकरण जाहीर केलं, ६ फेब्रुवारी २०२३ पासून ते अमलात आलं आणि सुमारे १,५०० पडद्यांची एक कंपनी उभी राहिली. स्पर्धा आयोगाची आगाऊ परवानगी या सौद्याला लागलीच नाही. कारण मोठं मासलेवाईक आहे. तेव्हा आगाऊ परवानगी लागायची ती उलाढाल ठरावीक रकमेच्या वर असेल तर. करोनात थिएटरं बंद राहिली, उलाढाल आटली आणि सौदा त्या रेषेखालून निसटला. ग्राहक चळवळीतल्या एका संस्थेनं तक्रार केली, तर आयोगानं ती फेटाळली: अजून जन्माला न आलेली कंपनी पुढे गैरवापर करील अशा शंकेवरून चौकशी होत नाही. पुढे कायद्यात सुधारणा झाली. १० सप्टेंबर २०२४ पासून सौद्याची किंमत २,००० कोटींच्या वर असेल आणि कंपनीचा भारतात भरीव कारभार असेल, तर उलाढाल कितीही असो, परवानगी लागते. या कायद्याला विलंबानं सुचलेलं शहाणपण म्हणता येईल, पण शहाणपणच.

मल्टिप्लेक्स आणि निर्माता यांच्यातली वाटणी कशी असते? २००९ मध्ये हिंदी निर्मात्यांनी एकजूट करून एप्रिलपासून जूनपर्यंत मल्टिप्लेक्सना नवे सिनेमे दिले नाहीत. तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. पहिल्याच शुक्रवारी हजारो पडद्यांवर धडकणाऱ्या सिनेमाला ही उतरंड सोसते. मराठी सिनेमाचं गणित उलटं असतं. त्याच्या जाहिरातीला पैसा नसतो. लोक एकमेकांना सांगतात आणि तो तिसऱ्या आठवड्यात धरतो. अशा उतरंडीत ज्या आठवड्यात तो कमवायला लागतो, त्याच आठवड्यात त्याचा वाटा घसरलेला असतो. तेही त्याला तिसरा आठवडा मिळाला तर. सकाळी नऊचा खेळ देऊन ‘प्रेक्षकच नाहीत’ म्हणत सिनेमा उतरवण्याची तक्रार जुनी आहे. त्यावर उतारा म्हणून एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी सिनेमाचा खेळ लावायला सांगितलं.

मोठ्या कंपनीची दुसरी बाजूही सोलापूर जिल्ह्यातच सापडते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. त्यामागे झी स्टुडिओज होतं. जिल्ह्यातल्याच मातीत चित्रित झालेला, नवख्या पोरांना घेऊन केलेला हा सिनेमा १०० कोटींच्या वर कमाई करणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. वितरणाची एवढी ताकद एकट्यादुकट्या निर्मात्याला पेलवली नसती, हे मान्य करायलाच हवं. पुढे कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ आणि हिंदीत ‘धडक’ निघाले. दोन्हींच्या निर्मितीत झी स्टुडिओज होतं. कंपनी मोठी असणं वाईट नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार असल्या तर त्यांतली एखादी जेऊरच्या माणसावर पैसा लावते. एकच असली तर तिचं एका दिवशीचं ‘नाही’ हे सगळ्या धंद्याचं ‘नाही’ होतं.

अमेरिकेत हा वाद ऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेला. तिथले बडे स्टुडिओ सिनेमेही काढत आणि थिएटरंही चालवत. १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना चाप लावला आणि त्यांना थिएटरं विकावी लागली. ते बंधन २०२० मध्ये काढून टाकलं गेलं. तोवर डिस्नेनं पिक्सार (२००६), मार्व्हल (२००९), लुकासफिल्म (२०१२) आणि फॉक्स (२०१९) अशी एकेक घरं आपल्या वाड्यात घेतली होती. डिसेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सनं वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ घेण्याचा करार जाहीर केला आणि लगोलग पॅरामाउंटनं त्यावर आपली मोठी बोली लावली. दोघांतला कुणीही जिंकला असता तरी हॉलिवूडमध्ये पटकथा विकायला जाणाऱ्याचं एक दार बंद होणारच होतं.

आणि मोबाइलवर?

इथं कुणी म्हणेल, वाहिन्या गेल्या उडत, आता यूट्यूब आहे. म्हणण्यात तथ्य आहे. ‘गावाकडच्या गोष्टी’ ही वेबमालिका साताऱ्याकडून निघाली, ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ बारामती तालुक्यातून. कुठल्याही वाहिनीच्या दारात न जाता त्यांनी लाखोंचा प्रेक्षक मिळवला. मोहोळच्या पोरांनी उद्या असं काही करायचं ठरवलं तर त्यांना मुंबईची बस पकडावी लागणार नाही.

पण हिशेब इथंही वाचावा. जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जाणं, असा उंबरा आहे, शॉर्ट्ससाठी वेगळा. लांब व्हिडिओच्या जाहिरातीचे ५५ टक्के बनवणाऱ्याला, ४५ टक्के यूट्यूबला. केबलच्या तारेच्या भाड्यातही हेच आकडे होते; योगायोगच. ही वाटणी वाहिनीपेक्षा उदार आहे आणि हक्कही बनवणाऱ्याकडे राहतात. मात्र ती ठरवली यूट्यूबनं. २००६ मध्ये गुगलनं १.६५ अब्ज डॉलरला यूट्यूब घेतलं, तेव्हापासून व्हिडिओ कुणाला दिसावा आणि कुणाला दिसू नये हे एकाच कंपनीचं गणित ठरवतं. ते बदललं की एका रात्रीत कमाई निम्मी होते आणि दाद मागायला कुणाचं टेबल नसतं. स्वतःचं दार मिळालं खरं, पण रस्ता एकच आहे आणि तो खासगी आहे.

दारं राखायची कशी?

महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, आणि ते चालू राहावं. पण अनुदान मिळतं सिनेमा बनवल्याबद्दल. बनवलेला सिनेमा दाखवायचा कुठं, या प्रश्नाला त्याचा हात पोचत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखादं दीड-दोनशे खुर्च्यांचं थिएटर चालावं यासाठी तेवढाच पैसा लावला, तर निर्मात्याला एक नवं दार मिळेल आणि गावाला पडदा. सह्याद्री ही सरकारी वाहिनी आज टीआरपीच्या यादीत कुणी शोधत नाही. पण नफ्याची सक्ती नसलेली आणि केबलशिवाय दिसणारी ती एकमेव मराठी गिऱ्हाईक आहे. तिनं वर्षाला चार नव्या लेखकांच्या मालिका, हक्क त्यांच्याकडेच ठेवून, घेतल्या, तरी बाजारातल्या बोलणीचा सूर बदलेल. स्पर्धा आयोगानं भाषेचा बाजार वेगळा मोजण्याचा पायंडा पाडला आहे. तो पुढच्या प्रत्येक सौद्यात, थिएटरं आणि ॲपसुद्धा धरून, पाळला गेला पाहिजे. आणि मोजताना केवळ प्रेक्षकांचा हिस्सा न मोजता, निर्मात्यांचा माल किती जण विकत घेतात हेही मोजलं पाहिजे.

अशी पुढची बातमी येईल तेव्हा तिच्यात हजारो कोटींचे आकडे असतील, दोन साहेब हात मिळवत असल्याचा फोटो असेल आणि ‘ग्राहकांना अधिक पर्याय’ हे वाक्यही असेल. केबलचं बिल किती रुपयांनी वाढणार हे जरूर विचारावं, पण तो दुसरा प्रश्न. गोष्ट घेऊन गेलेल्या माणसाला एकानं नको म्हटल्यावर त्यानं आता कुणाकडे जायचं, हा पहिला.